साहेबांच्या हाताला रंग लागेना

कारखान्याच्या कँटीनमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर काचेच्या घंगाळात नितळ पाणी, आणि मागे महाराज.

"कोर्टात खोटं खपतं, बाळांनो! सत्यजलात नाही. पापी हात बुडाला की पाणी रक्त ओकतं!"

बॉयलर फुटून दोन कामगार गेले, त्याला वर्ष झालं होतं. व्हॉल्व्हची तक्रार मोठ्या साहेबांनी दाबली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी साहेब किरकोळ दंडावर सुटले. लोकांचा कोर्टावरचा विश्वास उडाला आणि त्या रिकाम्या जागेत महाराज मांडी ठोकून बसले. त्यांना आणलं कोणी, हे मात्र विचारायचं नाही!

साहेबांनी कोरड्या टॉवेलला हात पुसून पाण्यात घातले. पाणी नितळच.

"निष्पाप!" महाराज गरजले.

मग बॉयलरवाला. चेल्याने दिलेल्या ओल्या टॉवेलला त्याने हात पुसले, बुडवले, आणि पाणी लालेलाल!

"म्हणजे यानंच मारलं दोघांना?" मागून कोणी पुटपुटलं.

बॉयलरवाला पांढराफटक पडला. शेजारी उभ्या भावजयीला म्हणाला, "वहिनी, माझंच काही चुकलं असेल का?"

वहिनी बावीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासत होती. तिला आधी दिराचा राग आला, मग हसू. हा रंग ती रोज सकाळी बघायची.

हात जोडून ती पुढे झाली. "महाराज, आम्ही पामर. एकदा तुमचे पवित्र हात बघू द्या की!"

"अवश्य, माते!"

चेला कोरडा टॉवेल शोधेपर्यंत तिने ओला उचलला आणि लेकराचे पुसावेत तसे महाराजांचे हात खसाखसा पुसले. चेल्याने भरून ठेवलेल्या नव्या सत्यजलात बुडवले. लाल!

"अगंबाई! तुम्ही कुठला बॉयलर फोडलात?"

कँटीन हसून दणाणलं. साहेब घड्याळात बघू लागले.

"पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन आहे," ती म्हणाली. "बॉयलरच्या पाण्यातला क्षार तपासायला मी हेच थेंब टाकते. ओल्या टॉवेलात धुण्याचा सोडा. दोन्ही भेटले की रंग. कोरड्या टॉवेलात काहीच नाही."

गेलेल्या एका कामगाराची आई गर्दीतून आली. तिने घंगाळात सत्यजल पुन्हा बदलायला लावलं आणि ओल्या टॉवेलला हात पुसून बुडवले. पाणी लाल झालं.

"मग मी मारलं का माझ्या पोराला?"

आता कोणी हसलं नाही.

"कोर्टात हरलो, खरंय," वहिनी म्हणाली. "म्हणून घंगाळाला न्यायाधीश करायचं? अपील करू. व्हॉल्व्हच्या तक्रारीची प्रत आता माझ्या हाती लागलीय. गुन्ह्याला पुरावा लागतो, साक्षीदार लागतात. बोला, कोण येतंय?"

"माझं नाव आधी लिहा," बॉयलरवाला म्हणाला.