चारशे मतं आणि उत्तरेश्वरमामा

मला प्राचार्यांची एक सही हवी होती. मिळाली तर मी कंपनीत कायम, नाही तर सोमवारपासून विश्रांतवाडीला घरी बसून आईचे टोमणे. लोणी काळभोरच्या त्या कॉलेजात वायफाय बसवायचं काम मी एकटीने केलं होतं. 'काम पूर्ण झाले' या कागदावर सीताराम सरांची सही तेवढी राहिली होती.

पण सर सही करणाऱ्यांतले नव्हते, भाषण करणाऱ्यांतले होते. दर सोमवारी मुलांना ऐकवायचे, "हे कॉलेज म्हणजे चारशे माणसं नाहीत, एकच माणूस आहे!" इंटरनेटचे बाहेरचे पत्ते किती घ्यायचे, असं मी विचारलं तेव्हाही म्हणाले, "एकच. घराला दार एकच असतं, मॅडम." वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी वायफायच्या कंट्रोलरवर नॅट नावाची सोय लावली. आत प्रत्येक मोबाइलला वेगळा पत्ता, बाहेर पडताना मात्र सगळ्यांना मिळून कॉलेजचा तो एकच. झकास चाललं.

तरी सही नाहीच. एका वेबसाइटवर 'तालुक्याचं लाडकं कॉलेज' अशी स्पर्धा होती आणि शेजारचं कॉलेज पुढे होतं. "नव्या वायफायवरून आपली चारशे मतं पडू देत," सर म्हणाले, "मग सही."

अकरा वाजता सगळे मोबाइल काढून मैदानात उभे. कुठल्याही कामाचा शुभारंभ सर्वांत जुन्या माणसाच्या हातून करायचा, ही तिथली पद्धत. सर्वांत जुने म्हणजे शिपाई उत्तरेश्वरमामा. त्यांनी नारळ फोडला, टोपी सारखी केली आणि आपल्या मोबाइलवर जपून बोट टेकवलं. टाळ्या झाल्या. मग चारशे बोटं एकदम टेकली, आणि चारशे मोबाइलांवर एकच ओळ उमटली: 'या पत्त्यावरून आधीच मत दिलेलं आहे.'



"हे काय?" सर कडाडले. मी तोंड उघडणार, तोच मामा पुढे झाले.

"साहेब, टपालावानी हाय ते. समद्यांची पत्रं कॉलेजच्या पत्त्यावर येत्यात, आत मी खोली बघून वाटतो. बाहेरच्याला काय ठावं आत कोण कोण हाय? त्याच्या लेखी आपण समदे मिळून एकच माणूस."

हेच समजावायला मी बावीस पानांचं सादरीकरण केलं होतं. त्या वेळी सर पेंगत होते.

"म्हणजे मोजलं गेलं ते फक्त तुझं मत?"

"व्हय."

"ठीक. शून्यापेक्षा एक बरं."

मामा टोपी काढून तिच्यात बघू लागले. "साहेब, आमची पोर चंपा शेजारच्या कॉलेजात हाय. मार्क कमी म्हणून तुम्हीच हितं घेतली न्हवती. मी तिकडं दिलं मत."

सर माझ्याकडे वळले. "हे काम पूर्ण झालं म्हणायचं, मॅडम?"

आता मला राग आला, खरा राग. "सर, दार एकच हवं, हे तुम्ही सांगितलंत. चारशे नाहीत, एकच माणूस आहे, हेही दर सोमवारी तुम्हीच सांगता. मी ते करून दाखवलं. तो माणूस मामा निघाले, त्याला मी काय करू?"

पोरं खो खो हसत सुटली. सरांनी कागद ओढला, फर्रकन सही केली आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'काम चोख. माणूस फितूर.'