हमामच्या राखेतलं मटण

मराकेशच्या गल्लीवर काळा धूर. मातीच्या हंडीत मटण आणि खारवलेलं लिंबू. ट्रकभर चिरलेले जुने टायर, लाकडाच्या निम्म्या भावात.

तपासनीस बेनजलून हमामच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या, दारात आले, तेव्हा मालक हाज लहसन घाईने पुढे आला. टायर सापडले तर हमामला टाळं लागणार होतं.

"हाज, भट्टीत काय जाळता?"

"लाकूड, सिदी. गल्लीतल्या हंड्यांसोबत तुमचीही सकाळपासून त्याच भट्टीच्या राखेत शिजतेय. आज तुमचे साहेब जेवायला येणार ना? टायर लिहिलंत, तर त्यांना काय वाढाल?"

बेनजलूननी राखेतून काढलेल्या आपल्या हंडीतला तुकडा चाखला, जरा खोकले आणि म्हणाले, "लाकूडच आहे. जुनं असेल."

हाजने त्या दिवशी स्वतःची हंडी घरच्या गॅसवर चढवली होती.