बारमाही सर्दी

"काय हो पॉलिशकाका, घर आहे की वॉर्ड?" समोरच्या नर्सबाईंनी दारातूनच नाकाला रुमाल लावला. "आत्ता ड्युटीवरून सुटले, म्हटलं चला, आता पाय पसरू. जिना चढते तर पुन्हा ड्युटीवर!"

पॉलिशकाका फरशी पुसायची काठी हातात धरून उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बनियन घामाने चिकटलेलं. "जास्त झालं का?" त्यांनी विचारलं.

"जास्त? डोळ्यांना पाणी आलं माझ्या. अख्खी बाटली उपडी केलीत की काय फिनेलची? अहो, तुम्हाला वास येत नाही का एवढा?"

"सर्दी झालीय जरा."

"तुमची सर्दी म्हणजे बारमाही आहे बघा. उद्या लेक तान्हं बाळ घेऊन येणार ना? मग त्याला काय गुदमरवायचंय? खिडक्या उघडा आधी, आणि साध्या पाण्याने पुसून काढा पुन्हा."

नर्सबाई कुलूप उघडून आपल्या घरात गेल्या. काकांनी बादली ओतून दिली, नवं पाणी भरलं आणि पुन्हा आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. वैताग आला नाही. वैताग, राग, रडू, यातलं काहीच त्यांना हल्ली येत नव्हतं. हात काम करत होते आणि ते स्वतः कुठेतरी बाजूला उभे होते, इतकंच.

खरी गोष्ट अशी होती की सर्दी वगैरे काही नव्हती. काकांचं नाकच गेलं होतं. उभं आयुष्य त्यांनी फर्निचरला पॉलिश मारण्यात घालवलं. थिनर, लाखेचं पॉलिश, टर्पेंटाइन, बंद खोली, वर पंखासुद्धा नको कारण धूळ बसते. तोंडाला फडकं बांधलं तर हाताखालची पोरं हसायची, म्हणून तेही कधी बांधलं नाही. मग एक दिवस घरी दूध करपून भांडं काळं झालं, शेजारचे धावत आले, आणि काका शेगडीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. त्या दिवशी काकूंच्या लक्षात आलं.

काकूंनी आरडाओरडा केला नाही. संध्याकाळी त्यांनी एक लिंबू कापलं, त्यांच्या नाकाखाली धरलं आणि नुसतं तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. कोणाला सांगू नका. नाक असून नकटा म्हणतील."

डॉक्टरने मान हलवली, गेलेलं नाक आता परत यायचं नाही म्हणाला. आणि मग या नवराबायकोचं एक गुपित सुरू झालं. कोणाच्या घरी जेवायला गेले आणि यजमानीणबाईंनी "वास कसा सुटलाय?" असं विचारलं, की काका आधी काकूंकडे बघायचे. काकूंनी मान हलवली की "वा, मस्त!" आणि काकूंनी नाक खाजवलं की "जरा काहीतरी लागलंय वाटतं खाली." लेक कॉलेजात जाऊ लागली तेव्हा मनगटावर अत्तर लावून नाचत यायची, "बाबा, हे कसंय? आणि हे?" तिच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात, काकू उभ्या. मान हलली, "छान." नाक खाजवलं, "हे नको, डोकं दुखतं याने." लेक मैत्रिणींना सांगायची, माझ्या बाबांचं नाक म्हणजे एकदम तिखट. काकू तोंडाला पदर नाही तर हातातलं फडकं लावून हसायच्या. लेकीला सांगायचं राहूनच गेलं. पुढे सांगायचं तर इतकी वर्षं का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं.

आणि अशा माणसाची बायको कोण, तर जिच्या घरात पाऊल टाकलं की पाहुणे श्वास भरून घ्यायचे ती! "डोळ्यांना काय, कोणीही घर आवरून दाखवेल," त्या म्हणायच्या. "घर नाकाला आवडलं पाहिजे." सकाळी समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या सताड उघडायच्या, बाहेर कितीही थंडी असो. आरशाला व्हिनेगरचं पाणी. गादीवर खाण्याचा सोडा भुरभुरून ठेवायचा आणि मग झटकायचा. कपाटात फडक्यात बांधलेल्या लवंगा, कपड्यांच्या घड्यांमध्ये साबणाच्या नव्याकोऱ्या वड्या. दुपारी पातेल्यात लिंबाच्या साली उकळत ठेवायच्या. कुठे पारोसा वास नुसता आला तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. नवऱ्याला तर रोज संध्याकाळी दारातच अडवायच्या. "तिथेच थांबा. शर्ट काढा. हां, आता या आत."

दुखणं पोटाचं निघालं आणि काकू खिडकीशेजारच्या खुर्चीत बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मग खुर्चीतून शाळा सुरू झाली. "फडकं पिळून घ्या हो, फरशीला आंघोळ घालायची नाहीये. आतून दाराकडे या. दाराकडून आत काय येताय, स्वतःच्याच पायांचे ठसे पुसणार का?" काका निमूटपणे शिकले. काकू गेल्यानंतर त्यांनी ते सगळं तसंच चालू ठेवलं. दुसरं काय करायचं हे माहीत नव्हतं, म्हणून.

लेक तेव्हा येऊ शकली नव्हती. ती दूरच्या शहरात, दिवस भरलेले, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलेलं. आई गेली आणि लगेच बाळ आलं. फोनवर एकदा रडायची, एकदा बाळाचं रडणं ऐकवायची. काका दोन्हीला "हो, हो" म्हणायचे. परवा तिचा फोन आला. "बाबा, येतेय मी. माझ्यासाठी काही करू नका. मला काही नको. नुसतं आईच्या खोलीत पडून राहायचंय."

काही करू नका म्हणाली, आणि काका कामाला लागले. पोर आईच्या घरी येतेय, तर तिला आईचं घर मिळालं पाहिजे. उंबरठ्यावर पाय ठेवताच तिला वाटलं पाहिजे की आई आत आहे, आत्ताच हात पुसत बाहेर येईल. एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. बाकी सगळं बधिर झालं होतं, पण हे मात्र टोचत होतं. नेमकं जे करायचं ते त्यांना तपासता येत नव्हतं, म्हणून जिथे एक झाकण पुरे तिथे ते दोन टाकत होते.

खोलीपासूनच सुरुवात केली होती. अभ्रे, चादरी, पडदे. मग कपाट उघडलं आणि काकूंचे कपडे एकूण एक बाहेर काढले. बंद कपाटात इतके दिवस पडलेले, पारोसे झाले असतील. काकूंना खपलं असतं का? घरातले गाऊन, शाल, दाराआडच्या खुंटीवर तसाच लटकलेला राखाडी स्वेटर, सगळं मशीनमध्ये घातलं, वर ते निळं सुगंधी पाणी ओतलं. उशीची खोळ उसवून कापूस उन्हात घातला. कंगव्यातले केस काढून टाकले आणि कंगवा सोड्यात बुडवला. खुर्चीवरची उशीसुद्धा सोडली नाही. सिंकखाली काकूंचे गुलाबी रबरी हातमोजे चिमट्याला टांगलेले होते. साबणाने हातांना भेगा पडायच्या म्हणून त्या क्रीम चोळून, वर पावडर टाकून ते घालायच्या. काकांनी घालून बघितले तर अंगठाच आत जाईना. परत तसेच टांगले.

संध्याकाळी नर्सबाई पुन्हा डोकावल्या. पातेल्यात साली उकळत होत्या. त्यांनी श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. "आता कसं! आता काकूंचं घर वाटतंय." मग त्यांचं लक्ष गॅलरीतल्या दोरीकडे गेलं. "स्वेटरपण धुतलात?"

"सगळंच धुतलं. बाळ येणार ना."

नर्सबाई थोडा वेळ दोरीकडे बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लेक आली. कडेवर बाळ, खांद्याला दोन पिशव्या, डोळ्यांखाली काळं. दारात थांबली, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"बाबा! अगदी तस्सं ठेवलंय तुम्ही."

काकांचे खांदे किती दिवसांनी खाली आले. त्यांनी बाळाला घेतलं. बाळ हलकं होतं आणि गरम होतं. त्यांना काहीतरी वाटायला हवं होतं आणि ते वाटेल म्हणून ते वाट बघत राहिले. बाळाने त्यांचं नाक मुठीत धरलं.

"धर, धर," काका म्हणाले. "तसंही रिकामंच आहे." लेक हसली, तिला तो नुसता विनोद वाटला.

चहा झाला. लेक आईच्या खोलीत गेली. काका बाहेर बाळाला मांडीवर घेऊन बसले. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग खण उघडल्याचा. मग पुन्हा कपाटाचा. काकांना वाटलं, झोपायचं सोडून ही काय शोधतेय? त्यांनी दारातून पाहिलं. लेक पलंगावर बसली होती आणि तिच्या भोवती आईचे सगळे कपडे पडले होते. घड्या मोडलेल्या. राखाडी स्वेटर तिने दोन्ही हातांनी तोंडाशी धरला होता.

"हे सगळं धुतलंत?"

"हो, एकूण एक," काका म्हणाले. जरा ऐटीतच म्हणाले. "लवंगा पण नव्या बांधल्यात."

लेकीने स्वेटर खाली ठेवला. "बाबा, आईचा वास कुठेच नाही हो."

काकांना आधी कळलंच नाही. आईचा वास म्हणजे? लिंबू होतं, लवंगा होत्या, व्हिनेगर होतं, तिनेच तर दारात म्हटलं की अगदी तसं आहे. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. त्यांना वाटलं होतं वास म्हणजे टाकायची वस्तू, एक झाकण, दोन झाकणं. माणूस स्वतःही वास मागे ठेवून जातो, हे ते साफ विसरले होते. अभ्र्यात होता तो, स्वेटरात होता, कंगव्यात होता. घरात इतके दिवस होता आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, घासून घासून, निळं पाणी घालून तो काढला. दुसऱ्यांदा घालवली तिला. तरीही डोळ्यांत पाणी येईना.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"असू दे बाबा. बाळासाठीच केलंत ना." लेकीने त्यांच्याकडे न बघता घड्या घालायला घेतल्या. तिचं हे समजूतदार बोलणं त्यांना रडण्यापेक्षा वाईट वाटलं. दोन घड्या झाल्या आणि ती उठली. "बाटली उकळून घेते त्याची. भूक लागली असेल."

काका बाळाला घेऊन काकूंच्या खुर्चीत बसले. स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज आला, पाणी उकळल्याचा आला. गरम बाटली धरायला तिने काहीतरी ओढलं, चिमटा खाली पडला.

"बाबा!"

ती धावतच आली. एका हातात गुलाबी हातमोजा होता आणि त्यातून काढलेला दुसरा हात तिने स्वतःच्या नाकाशी घट्ट धरला होता. ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "बाबा, यात आहे! आतल्या बाजूला! रबर, आणि तिची ती पावडर, आणि ती. बघा ना, बघा!" तिने हातमोज्याचं तोंड दोन बोटांनी उघडून त्यांच्या नाकाखाली धरलं. "येतोय ना?"

काकांनी मान पुढे केली आणि श्वास घेतला, छाती भरेपर्यंत. गार हवा आत गेली. आणखी काही नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांची नजर लेकीच्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. दारात कोणी नव्हतं.

"येतोय," ते म्हणाले.

लेक त्यांच्या पायाशी खाली बसली आणि गुडघ्यावर डोकं टेकून रडू लागली. किती वेळ कोण जाणे. रडू ओसरलं तशी तिने पुन्हा हातमोजा नाकाशी नेला, अगदी थोडा वेळ, आणि त्याचं तोंड मुठीत गच्च धरून ठेवलं. बाळ तिच्या केसांशी खेळत होतं. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या काकूंच्या शिस्तीप्रमाणे सताड उघड्या होत्या आणि वारा घरातून आरपार जात होता.

काकांनी बाळ तिच्या मांडीवर दिलं. ते उठले. आधी एक खिडकी लावली, मग पलीकडे जाऊन दुसरी लावली, आणि कडी नीट बसली की नाही ते हाताने दाबून पाहिलं.