एका जुन्या वाचकाचं मत
मी जळकी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मोठा शोध लावल्याचा आव आणायला नको. धाकट्या बहिणीवर मी लहानपणापासून जळते. शाळेत चित्रकला मी शिकवते, गेली सव्वीस वर्षं. तिला साधा पेला सरळ काढता येत नाही, पण चित्रांबद्दल लिहायला बसली की लोक तोंडात बोटं घालतात. तिचा ब्लॉग कुठले कुठले लोक वाचतात. माझ्या वर्गातल्या भिंतीवरची चित्रं शाळेचा शिपाईसुद्धा बघत नाही.

तरी त्या ब्लॉगची राखण माझ्याकडे होती. लिहिणाऱ्याने स्वतःवरच्या प्रतिक्रिया निवडू नयेत, हे धाकटीचं तत्त्व. म्हणून आलेली प्रत्येक प्रतिक्रिया आधी माझ्याकडे यायची. मी 'सोडा' दाबलं की ती सगळ्यांना दिसायची, 'रोखा' दाबलं की एका यादीत पडून राहायची. ती यादी धाकटी उघडायचीसुद्धा नाही, इतका माझ्यावर विश्वास. नियम एकच, तोही तिचाच. शिवी असेल तर रोखायची. मत असेल तर सोडायचं, मग ते कितीही कडू असो. मी हे काम मोकळ्या तासाला शिक्षकांच्या खोलीत बसून फोनवर करायची. फोनवर नुसती प्रतिक्रियांची रांग दिसते. चित्र पाहायचं तर ब्लॉग उघडावा लागतो, आणि तो मी उघडायचा नाही असं ठरवलं होतं.

कारण सांगते. एका गॅलरीवाल्या बाईंनी धाकटीला गाठलं होतं. चार आठवडे, चार चित्रं, काढणाऱ्याचं नाव झाकलेलं. वाचक काय म्हणतात ते पाहून बाई एकाला निवडणार आणि त्याचं स्वतंत्र प्रदर्शन भरवणार. धाकटीने हे मला भाजी निवडता निवडता सांगितलं. मी शेंगा मोडत वाट पाहत होते की आता म्हणेल, ताई, तुझं एखादं दे ना. ती म्हणाली, चष्मेवालीचं एक घेतेय.

ही चष्मेवाली म्हणजे धाकटीच्या समोरच्या खोलीत राहणारी भाडेकरू. बाई चित्रं काढते, आणि काय काढते तर खुर्च्या. खिडकीपाशी खुर्ची, दारापाशी खुर्ची, नुसतीच खुर्ची. धाकटीच्या घरी हिची उठबस, आणि आमच्या आईला ती चक्क 'आई' म्हणते. आईही ओ देते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबतील नाही तर काय? मी शेवटचं चित्र काढलं त्याला अकरा वर्षं झाली, बाबा गेले त्या वर्षी. ते गुंडाळून आईच्या कपाटामागे टाकलं आणि पुन्हा ब्रश धरला नाही. पण विचारायला काय जात होतं? मी नाही म्हटलं असतं. निदान नाही म्हणायला तरी मिळालं असतं.

पहिल्या आठवड्याच्या प्रतिक्रिया कुठल्याशा शिडीबद्दल होत्या. चांगल्या होत्या, मी सगळ्या सोडल्या. माझ्या बापाचं काय जातंय? दुसऱ्या आठवड्यातही तसंच. तिसऱ्या सोमवारी रांगेत पहिलीच प्रतिक्रिया आली: 'या खुर्चीवरून कुणीतरी आत्ताच उठून आत गेलंय, आता परत येईल असं वाटत राहतं.'

खुर्ची. माझं डोकंच फिरलं. आली का चष्मेवाली! मी 'रोखा' दाबलं. त्यात शिवी नव्हती, कबूल आहे. खालची प्रतिक्रिया: 'हे पाहून मी उठून वडिलांना फोन केला.' रोखा. त्याखाली कुणी एक सुतार, त्याने लिहिलं होतं की चाळीस वर्षं खुर्च्या करतोय, पण खुर्चीकडे असं कधी पाहिलं नव्हतं. रोखा. तीन दिवसांत अशा तेवीस रोखल्या. सोडल्या त्या वेगळ्याच. 'विकायची आहे का खुर्ची?' ही सोडली. 'यापेक्षा शिडी बरी' हीही सोडली. मतच की ते!

एवढ्यावरही पोटातली आग विझेना. चष्मेवालीच्या खुर्च्या मी ढीगभर पाहिल्यात, तिला मागचा पाय कधीच जमत नाही. मग मी 'एक जुना वाचक' असं नाव घेतलं आणि लिहिलं: 'काढणाऱ्याला मागचा पायसुद्धा धड जमलेला नाही. खुर्ची लंगडी आहे. ज्याला बघता येत नाही त्याने काढू नये.' माझीच प्रतिक्रिया माझ्याच रांगेत आली. मीच ती सोडली. नंतर नववीच्या वर्गाला सावली शिकवायला गेले, आणि त्या दिवशी मी फार छान शिकवलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीचा फोन आला. त्या जुन्या वाचकाचं काढून टाकता येईल का, म्हणाली, फार लागेल असं आहे. तिचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मी तिला तिचाच नियम ऐकवला. शिवी आहे का त्यात? नाही. मग आज हे अडवलं तर उद्या कुणाचं अडवशील? लोकांना बोलू द्यायचं म्हणतेस ना, मग झेपलं नाही की कात्री का? शेवटी ती म्हणाली, बरोबर आहे तुझं, राहू दे.

चौथा आठवडा संपला. रविवारी दुपारी धाकटी माझ्याकडे आली, बगलेत एक गुंडाळी घेऊन. चहा नको म्हणाली. गॅलरीवाल्या बाईंनी निवड केली होती, कार्डं छापायलाही गेली होती. शिडी निवडली होती.

"चष्मेवालीची," ती म्हणाली. "या वेळी तिने खुर्ची सोडून शिडी काढली होती."

मी विचारलं, मग ती खुर्ची कुणाची?

तिने जेवणाच्या टेबलावरचं सामान बाजूला सारलं आणि गुंडाळी उलगडली. कोपऱ्यांवर मीठ, डबा, चमचे ठेवले. बाबांची खुर्ची. तपकिरी, हाताशी झिजलेली, मागचा एक पाय आखूड, त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा. ती घडी बाबाच घालायचे. माझा हात मी लगेच ओळखला.

"आईने कपाटामागून काढून दिलं," धाकटी म्हणाली. "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. वाटलं, निवड झाली की एकदम सांगू." तिचे डोळे भरून आले. "एकानेही चांगलं लिहिलं नाही गं, ताई. एकानेही नाही. आणि तो मेला जुना वाचक. त्याला काय माहीत, खुर्ची होतीच लंगडी."

मला चित्राकडे पाहवत नव्हतं आणि तिच्याकडे तर नाहीच. एक मन म्हणालं, गप्प बस, ती यादी ती उघडत नाही, जन्मात कळायचं नाही. पण ती डोळे पुसून म्हणाली की चूक तिची आहे, माझी लाज तिनेच चारचौघांत काढली, मला माफ कर. ते मला सहन झालं नाही. मी फोन घेतला, रोखलेली यादी उघडली आणि तिच्यापुढे ठेवला.

ती वाचत गेली. सुताराची वाचली, फोन करणाऱ्याची वाचली. तेवीसही वाचल्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी 'एक जुना वाचक' कोण ते सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चमचे उचलले, डबा जागेवर ठेवला, चित्र हळूच गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं. मग एकेक करत तेवीसही प्रतिक्रिया सोडल्या.

मी म्हटलं, "ते माझं तेवढं काढून टाक गं."

"नाही," ती म्हणाली. "शिवी नाहीये त्यात. मत आहे."

आणि फोन माझ्या हातात देऊन ती चपला घालायला लागली.