मॅडमना कळलं होतं

योगिनी औताडे मॅडम वाईट शिक्षिका आहेत, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. उलट चिकलठाण्याकडच्या सेंट ल्युसी गर्ल्स ज्युनियर कॉलेजात अकरावी सायन्सच्या मुलींना विचारलं असतं, तर पहिलं नाव त्यांचंच निघालं असतं. सिस्टरांनी चालवलेलं हे मुलींचं कॉलेज. सव्वासातला प्रार्थना सुरू होई, आणि योगिनी मॅडम पुंडलिकनगरहून स्कूटीवर सातलाच हजर असत. केमिस्ट्री अशी शिकवत, की मुलींना वेगळा क्लास लावावा लागू नये. नियम मात्र एक फार कडक. त्यांच्या वर्गात मराठीचा शब्द निघता कामा नये.

नियम त्यांच्या एकट्यांचा नव्हता. प्रत्येक जिन्यापाशी तशी पाटी होती आणि पाटीखाली प्राचार्या सिस्टर करुणा यांची सही होती. पालक तर त्या पाटीवर खूश असत. ते पालक म्हणजे दुसरे कोण, तुम्ही आणि मीच! प्रवेश घेताना प्रयोगशाळा कशी आहे, हे आपण नंतर विचारतो. आधी विचारतो, "मुली आपसात इंग्लिशच बोलतात ना?"

त्या वर्षी अकरावीत तनुजा मिसाळ आली. शहराबाहेरच्या चितेगावची. वडील सूर्यभान मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन जे निघत, ते पावसाच्या तोंडावर परतत. आई चतुराबाई गावाजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला. गावच्या मराठी शाळेत तनुजाला दहावीला त्र्याण्णव टक्के पडले आणि ऑनलाइन प्रवेशाच्या यादीत तिचं नाव सेंट ल्युसीत लागलं. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. दोन बस बदलून ती यायची आणि पहिल्या बाकावर बसायची.

पहिल्याच आठवड्यात तिनं उभं राहून विचारलं, "मॅडम, ह्यो इलेक्ट्रॉन तिकडं जायलाय, तर मंग हिकडं काय राहायलंय?"

प्रश्न अगदी नेमका होता. पण वर्ग खदखदून हसला. 'जायलाय' हा शब्द मागच्या बाकापर्यंत पोचला आणि तिथून परत पुढे आला. मॅडमनाही हसू आवरलं नाही. "ट्राय अगेन, तनुजा. इन इंग्लिश!"

तनुजाचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. ती खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या बाकावर गेली आणि तिनं पुन्हा काही विचारलं नाही. सहामाहीला केमिस्ट्रीत शंभरात एक्केचाळीस मार्क. प्रगतिपुस्तकावर मॅडमनी शेरा लिहिला, मुलगी लाजाळू आहे, आत्मविश्वास वाढवण्याची गरज आहे. तो आत्मविश्वास गेला कुठे, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

खरं तर 'जायलाय' योगिनी मॅडमना नवीन नव्हतं. त्यांचं माहेर पैठण तालुक्यातलं, शेतीवाडीचं. आईचा फोन आला की त्या स्टाफरूमबाहेर जाऊन बोलत. "काय करायलीस, जेवलीस का" हे सहकाऱ्यांच्या कानावर पडायला नको! चारचौघांत ही बोली जिभेवर येऊ न द्यायला त्यांना दहा वर्षं लागली होती, आणि त्या दहा वर्षांत लोक त्यांनाही हसले होते. मुलींनी ती लवकर टाकावी, म्हणजे पुढे जग त्यांना हसणार नाही, असं त्यांना मनापासून वाटे. जगाच्या आधी आपला वर्गच हसतोय, हे मात्र त्यांना दिसत नव्हतं.

जानेवारीतल्या एका सोमवारी, तिसऱ्या तासाला, तनुजा उभी राहिली. एक हात पोटावर होता. थंडीचे दिवस असून कपाळावर घाम होता.

"मॅडम, पोटात लई कळा मारायल्यात. कालच्यापून. मळमळायलंय बी. घरी जाऊ का?"

वर्ग पुन्हा हसला. कुणीतरी "मारायल्यात, मारायल्यात" असं पुटपुटलं. फळ्यावर समीकरण अर्धं होतं, उद्या चाचणी होती. मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, "मला काही कळलं नाही, तनुजा. इंग्लिशमध्ये सांग."

"मॅम... माय स्टमक... स्टमक इज..." पुढचा शब्द येईना.

शेजारी बसलेली राजनंदिनी अर्धवट उठली. "मॅम, शी हॅज..."

"तू बस, राजनंदिनी. तिचं तिला बोलू दे. दुसऱ्याच्या तोंडानं किती दिवस बोलणार ती?"

तनुजानं एकदा वर्गाकडे पाहिलं. "नथिंग, मॅम," असं म्हणून ती बसली. तेवढे दोन शब्द तिला बिनचूक आले.

मंगळवारी ती चाचणीला आली. पेपर लिहिताना वाकून वाकून तिचं कपाळ बाकाला टेकत होतं. राजनंदिनीनं विचारलं, "मॅमना सांगू का गं?"

"नगं. परत हसतेत."

पेपरनंतर प्रॅक्टिकल होतं. प्रयोगशाळेत जाता जाता तनुजा म्हणाली, "थांबलं बघ दुखायचं. एकदम थांबलं." राजनंदिनीला बरं वाटलं. अर्ध्या तासानं तनुजाला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, आणि ओटा धरू पाहणारा तिचा हात निसटला. काचेच्या नळ्या फुटल्या. मुली किंचाळल्या. योगिनी मॅडम धावल्या, तेव्हा तनुजाचं अंग तापलेल्या तव्यासारखं होतं आणि पोट लाकडासारखं कडक.

सिस्टर करुणांनी कॉलेजच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. सोबत योगिनी मॅडम होत्या. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी केली आणि बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"अपेंडिक्स फुटलंय. पू पोटभर पसरलाय. दुखणं अचानक थांबलं असेल ना? ते फुटल्यावर थांबलं. दोन दिवस ही पोरगी कुणाला काहीच बोलली नाही का?"

सिस्टरांनी योगिनी मॅडमकडे पाहिलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "कुणालाच नाही बोलली."

तोंडातून खोटा शब्द गेला, हे मॅडमना त्याच क्षणी कळलं. पण शब्द त्यांनी परत घेतला नाही.

ऑपरेशन झालं. तनुजा अतिदक्षता विभागात होती. ताप उतरेना. कॉलेजात रोज प्रार्थनेच्या वेळी तिचं नाव घेतलं जाई, आणि शंभर मुली डोळे मिटून उभ्या राहत. मॅडमना डोळे मिटवत नव्हते. मिटले की पोटावर हात धरून उभी असलेली पोरगी दिसे. त्या रोज दवाखान्यात जात, काचेतून पाहत, परत येत.

सहाव्या दिवशी दुपारी त्या डबा घेऊन गेल्या, तेव्हा चतुराबाई बाकावर बसली होती. सहा दिवसांत ती एकदाच घरी जाऊन आली होती. मॅडमना पाहताच ती उठून उभी राहिली.

"बसा मॅडम. आज थोडं बोलली पोरगी. सगळं सांगितलं तिनं."

मॅडम डबा हातातच धरून बाकाच्या कडेला टेकल्या.

"सोमवारी तुम्हाला सांगितलं व्हतं म्हणली. पर तुम्हाला आमचं बोलणं कळंना. आता तुमचा काय दोष हाय त्याच्यात? तुम्ही शिकलेल्या, मोठ्या साळंतल्या. चूक माझी हाय. साळंत घातलं, पर दुखायलंय एवढं इंग्रजीत सांगायला तरी शिकवायला पाहिजे व्हतं म्या." असं म्हणून तिनं हात जोडले. "तुम्ही रोज येऊन बघायल्यात, लई उपकार झाले."

मॅडम नुसत्या गप्प राहिल्या असत्या, तरी सगळं निभावलं असतं! कुणी विचारणार नव्हतं. खुद्द आईनंच माफी देऊन टाकली होती. पण त्या जोडलेल्या हातांकडे पाहवेना. डबा बाकावर ठेवून मॅडमनी ते हात धरले, आणि इतकी वर्षं दडवून ठेवलेली बोली आपोआप तोंडात आली.

"चतुराबाई, मला कळलं व्हतं. मी बी हिकडचीच हाय, पैठणकडची. माझी माय असंच बोलती. तुमच्या लेकीचा शब्द न् शब्द मला कळला व्हता. कळूनसुदीक मी म्हणलं, कळलं नाय."

चतुराबाईला ते उमगायला वेळ लागला.

"कळलं व्हतं?"

"व्हय."

"मंग?"

  चतुराबाईनं शिवी दिली नाही, आरडाओरडा केला नाही. तिनं आपले हात सोडवून घेतले, पिशवी उचलली आणि लांबच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली.

मॅडम तशाच कॉलेजात आल्या. सिस्टर करुणांसमोर उभ्या राहून त्यांनी सोमवारचा तास सांगितला आणि डॉक्टरांसमोर बोललेलं खोटंही सांगितलं. 

"मी तिच्या भल्यासाठीच करत होते, सिस्टर," मॅडम रडत म्हणाल्या. "पुढच्या सगळ्या परीक्षा इंग्रजीत. जग इंग्रजीत. इंग्रजीवाचून हिला कोण विचारणार होतं?"

"बरोबर आहे. इंग्रजी शिकवायलाच हवी," सिस्टर म्हणाल्या. "जिला येत नाही तिच्यासाठीच तर शाळा असते. पण एक सांग, इथे मठात आम्ही सहाजणी राहतो. कुणी केरळची, कुणी गोव्याची, मी वैजापूरकडची. दिवसभर इंग्रजी बोलतो. पण आजारी पडलं की एक मल्याळममध्ये कण्हते, एक कोकणीत, आणि मी 'आई गं' म्हणते. आधी नीट भाषेत सांग मग ऐकतो, असं देवानं कधी म्हटलं नाही. मग हे म्हणणाऱ्या आपण कोण?"

मॅडमनी मान खाली घातली.

"धाकानं मुलगी इंग्रजी बोलायला लागत नाही, योगिनी. ती बोलायचीच थांबते. आणि गप्प बसलेल्या मुलीला आपण शिस्तीची म्हणतो!" सिस्टर उठून मॅडमजवळ आल्या. "मला शिक्षा द्या म्हणशील. पण त्या पाट्यांवर सही माझी आहे. आधी मीच दोषी."

त्या दोघी डॉक्टरांकडे गेल्या आणि खरं काय ते सांगितलं. पाट्या त्याच दिवशी उतरल्या. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्गात सगळं मराठीत सांगितलं, काही न लपवता. कुणी हसलं नाही. राजनंदिनी मात्र हुंदके देत उभी राहिली. "मला शब्द येत होता, मॅम. तुम्ही बस म्हणालात, आणि मी बसले."

तनुजा वाचली. पण पोटावर दुसरं ऑपरेशन झालं, महिनाभर दवाखाना झाला, वर्ष गेलं. सूर्यभान मेंढरं भावाच्या हवाली करून आले होते. त्यांनी लेकीला घरी नेलं आणि कॉलेजातून तिचा दाखला मागवून घेतला.

जूनमध्ये योगिनी मॅडम चितेगावला गेल्या. तनुजा निम्मी झाली होती. मॅडमनी तिची हात जोडून माफी मागितली, आणि म्हणाल्या, "परत चल. मी स्वतः शिकवते. इंग्रजीसुद्धा, तुझ्या बोलीतून."

तनुजा शांतपणे म्हणाली, "माझा राग नाय मॅडम. पर त्या वर्गात माझं तोंड उघडतच नाय आता. जवळच बिडकीनला आर्ट्सला नाव घातलंय." चतुराबाईनं चहा समोर ठेवला आणि ती आत निघून गेली.

जनावरांची डॉक्टर होऊ शकली असती, अशी एक मुलगी आपण गमावली, हे परतीच्या वाटेवर मॅडमना लख्ख कळलं. पश्चात्तापानं माणूस सुधारतो. पण ज्याचं नुकसान झालं, त्याचं भरून निघतंच असं नाही.

जुलैत नव्या पालकांची सभा भरली. एक गृहस्थ उठून म्हणाले, "पाट्या का काढल्या? आम्ही इंग्लिश बघूनच इथे आलो!" योगिनी मॅडम उभ्या राहिल्या. आईशी बोलतात त्याच बोलीत त्यांनी तनुजाची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "इंग्रजी आम्ही शिकवू, जीव तोडून शिकवू. पर लेकराला कुठं दुखायलंय हे ऐकायला आम्हाला भाषेची अट नाय."

ते गृहस्थ खाली बसले.

हे एका कॉलेजापुरतं नाही. बँकेत, कचेरीत, दवाखान्यात, आपल्या स्वतःच्या घरात कामाला येणाऱ्या बाईशी बोलताना, समोरच्याचं बोलणं कळत असूनही आपण भुवया उंचावतो आणि "काय?" म्हणतो. तो 'काय' फार महाग पडतो, आणि पडतो तो समोरच्यालाच. भाषा न येणं हा गुन्हा नाही. कळत असून न कळल्याचं सोंग करणं, हा गुन्हा आहे!