सहा आठवड्यांचा विसावा

जमनाबाईसाठी प्रार्थना करता करता कावेरीला झोप लागली. सरकारी दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात, गुरुवारी, सकाळी अकराला. ती स्टुलावर बसून डोळे मिटून बोलत होती, मग आवाज बारीक होत गेला आणि तिचं कपाळ खाटेच्या कडेला टेकलं. जमनाबाईनं तिला उठवलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं बोटानंच गप्प राहायला सांगितलं.

त्या दिवशी कावेरीबरोबर मैत्रेयी होती. पुण्याहून नोकरीसाठी आलेली, व्हाइटफील्डला आयटी कंपनीत काम करणारी, वर्षभरापूर्वी चर्चच्या मराठी मंडळीत येऊ लागलेली मुलगी. औषधं घेऊन ती परत आली तेव्हा पाऊण तास झाला होता आणि कावेरी अजून झोपलेलीच होती. मैत्रेयीनं ते मंडळीच्या पाळकसाहेबांना सांगितलं. सांगायला नको होतं, असं कावेरीला नंतर वाटत राहिलं.

कावेरी गायकवाड मूळची निपाणीजवळची. लग्नानंतर बंगळुरात आली त्याला एकतीस वर्षं झाली. नवरा देवाप्पा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लेथवर होता. मूलबाळ झालं नाही. शिवाजीनगरात एका कन्नड चर्चच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी मराठी मंडळी भरायची, चाळीसेक घरं. तिथूनच एकोणीस वर्षांपूर्वी तिनं दवाखान्याची सेवा सुरू केली. बेळगाव, चिकोडी, निपाणीकडून आलेल्या पेशंटांना शहरात कुणी नसायचं. कावेरी त्यांचे फॉर्म भरून द्यायची, डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगायची, घरनं पेज करून न्यायची. कुणी विचारलं तरच प्रभूबद्दल बोलायची आणि कुणी म्हणालं तरच प्रार्थना करायची. मंगळवार आणि गुरुवार. आधी मेट्रो, मग बस, जाऊन-येऊन चार तास.

देवाप्पाला कंपवात होऊन आठ वर्षं झाली होती. आधी हात थरथरायचा, नंतर पाय जागीच खिळायला लागले. आता कपडे घालणं, घास भरवणं, कूस बदलणं, सगळं तिच्याकडे. ती दवाखान्यात जायची त्या दोन दिवशी शेजारच्या कस्तुराबाई त्याच्याजवळ बसायच्या.

शनिवारी पाळक सूर्यकांत घरी आले. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. चहा झाल्यावर ते म्हणाले, "कावेरीबाई, सहा आठवडे तुम्ही सेवेतून सुट्टी घ्यायची. मंडळीनं ठरवलंय."

"माझं काय चुकलं, साहेब?"

"चुकलं काही नाही. प्रभूनं सुद्धा शिष्यांना एकांतात जाऊन विसावा घ्या म्हणून सांगितलं होतं. दवाखान्याचं मैत्रेयी बघेल."

"मंगळवारी जमनाबाईचं ऑपरेशन आहे," कावेरी म्हणाली. "गालाचा कॅन्सर, जीभही थोडी काढणार आहेत. त्यांना कानडी येत नाही. डोळे उघडाल तेव्हा मी समोर असेन, असा शब्द दिलाय मी."

पाळकसाहेबांनी थोडा विचार केला. "मैत्रेयी असेल की समोर. शब्द मंडळीचा धरायचा, एका माणसाचा नव्हे."

तिनं चहाचे कप उचलले. ते तिच्या भल्यासाठीच बोलत होते, हे तिला दिसत होतं.

रविवारी कस्तुराबाई येऊन म्हणाल्या, "अक्का, तुम्ही आता घरीच हाय न्हवं? मग मी स्वल्प धारवाडला जाऊन येते, लेकीकडं." कावेरी 'सरी', म्हणजे बरं, म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

सोमवारी विसाव्याचा पहिला दिवस उजाडला. सकाळचं सगळं आटोपून तिनं देवाप्पाला खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर बसली. साडेदहा वाजले होते. बाहेर कंपनीच्या बसगाड्यांचा आवाज येत होता. देवाप्पाच्या चेहऱ्यावर आता भाव उमटत नसत, आजारानंच तो तसा झाला होता. डोळे मात्र हलायचे. ते तिच्यावर खिळले होते.

"तुला तिकडं बरं वाटायचं," तो म्हणाला. बोलताना त्याला प्रत्येक शब्दाला थांबावं लागे. "हसत यायचीस. मंगळवारी."

"काहीतरीच काय."

"खरं तेच."

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. तो बोलला ते खरं होतं. वॉर्डात दहा बायकांचे फॉर्म भरताना तिला जेवढा थकवा यायचा नाही, तेवढा त्याच्या अंगात एकदा शर्ट चढवताना यायचा. बसच्या खिडकीशी बसली की तिचे खांदे सैल व्हायचे. एकोणीस वर्षं ती याला प्रभूची सेवा म्हणत आली होती. त्यातली शेवटची आठ वर्षं सेवेची होती की घरातनं सुटण्याची, हे आता तिचं तिलाच सांगता येईना.

दुपारी जमनाबाईचा फोन आला. "अक्का, उद्या तुमी येणार न्हवं?"

मैत्रेयी येईल, असं सांगायचं होतं. पण उद्यानंतर हा आवाज असा राहणार नव्हता. "येते," कावेरी म्हणाली.

तिनं देवाप्पाला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जा की. मी बसतो खुर्चीत. उठत नाही."

मंगळवारी सकाळी तिनं त्याला आंघोळ घातली, कुस्करून पातळ केलेली इडली भरवली, खुर्चीभोवती उशा लावल्या. पाण्याची बाटली नळी घालून हाताशी ठेवली. मोबाईल दोरीनं त्याच्या गळ्यात अडकवला आणि एकच बटण दाबलं की आपल्याला फोन लागेल अशी सोय केली. जमनाबाईनं डोळे उघडले की लगेच परत यायचं ठरवलं. दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि एकदा ओढून बघितलं.

मेट्रोत बसायला जागा मिळाली. चौथं स्टेशन गेलं आणि फोन वाजला.

"पडलो," देवाप्पा म्हणाला.

"कुठं? कसे पडला?"

"संडासला जाईन म्हटलं. तू नव्हतीस."

पुढच्या स्टेशनावर ती उतरली, जिना उतरून दुसऱ्या बाजूला गेली. परतीची गाडी यायला अकरा मिनिटं होती. पाटीवर लाल आकडे दिसत होते. ती फलाटावरच्या बाकावर बसली. मागं गेली तर जमनाबाई एकटी, पुढं गेली तर तो जमिनीवर. पुढं जाण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्या अकरा मिनिटांत ती ज्या दिशेला जाणार नव्हती तिकडंच बघत राहिली. प्रार्थना करावी म्हणून डोळे मिटले, तर आत कुणी ऐकतंय असं वाटेना. डोळे उघडून ती आकडे बघत बसली.

देवाप्पा मोरीच्या उंबऱ्यापाशी कुशीवर पडला होता. लुंगी ओली झाली होती. ती त्याला उचलू शकली नाही. वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून झोपलेल्या दोघा ओडिया कामगारांना तिनं हाका मारून उठवलं. त्यांनी त्याला चादरीत घेऊन खाली आणलं, रिक्षात बसवलं. उजवा पाय हलवला की तो ओरडायचा, आणि ओरडला तरी चेहरा तसाच निर्विकार. रिक्षावाला आरशातनं बघत म्हणाला, "निधानवा, हळूच जातो, अम्मा. खड्डे चुकवतो."

जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करायचं तर कंपवातामुळे जोखीम मोठी, नाही केलं तर अंथरुणातच राहायचं. तरुण डॉक्टर म्हणाला, "घरच्यांशी बोलून ठरवा." कावेरी म्हणाली, "घरची म्हणजे मीच."

कॉरिडॉरमध्ये उभी राहून तिनं अडीचला मैत्रेयीला फोन केला.

"मावशी, सॉरी, मी अजून ऑफिसमध्येच आहे," मैत्रेयीचा आवाज रडवेला झाला होता. "हाफ डे टाकला होता, पण मॅनेजरनं अचानक रिव्ह्यू लावला. आत्ता निघते. ट्रॅफिक बघितलं तर दीड तास दाखवतंय."

"जितेंद्र आहे का तिथं?" जितेंद्र म्हणजे जमनाबाईचा जावई, एका इमारतीवर वॉचमन होता.

"ते सही करून ड्युटीवर गेले म्हणे. सकाळीच."

मैत्रेयी पोचली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. जमनाबाई तीनला शुद्धीवर आली होती. सिस्टर कानडीत काहीतरी विचारत होती आणि ती डोळे फिरवून दाराकडे बघत होती, असं शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सांगितलं.

"मावशी, व्हिडिओ लावू का?" मैत्रेयीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लावला. पडद्यावर बँडेजमध्ये गुंडाळलेला चेहरा आला, नाकात नळी, मोकळे फक्त डोळे. ते डोळे कावेरीला सापडले. क्षणभर थांबले.

"जमनाबाई," कावेरी म्हणाली. "मी निघाले होते हो. आमचे हे पडले. पाय मोडला. मी निम्म्या वाटेतनं परत आले."

डोळे तसेच.

"प्रार्थना करते हं," ती म्हणाली आणि सुरुवात केली, "हे कनवाळू पित्या..." पुढचे शब्द आले नाहीत. हजारो वेळा म्हटलेले शब्द. मागून एक्स-रेवाला कुणाच्या तरी नावाचा पुकारा करत होता. तिनं पुन्हा म्हटलं, "हे कनवाळू पित्या," आणि पुन्हा थांबली. जमनाबाईनं मान भिंतीकडे वळवली. दुखत होतं म्हणून, दमली होती म्हणून, की रागानं, ते कळायला काही मार्ग नव्हता. आता ती सांगू शकणार नव्हती.

"मावशी, त्यांना झोप येतेय बहुतेक," मैत्रेयी म्हणाली आणि फोन बंद झाला.

देवाप्पाचं ऑपरेशन नको असं ठरलं. ठरलं म्हणजे कावेरीनं सही केली. बारा दिवसांनी जितेंद्रनं जमनाबाईला एसटीनं गावी नेलं. तोवर मैत्रेयी चारदा जाऊन आली होती. कावेरीला एकदाही जाता आलं नाही. दर दोन तासांनी देवाप्पाची कूस बदलायला लागायची, नाहीतर पाठीला जखमा झाल्या असत्या. कस्तुराबाई परत आल्या होत्या, पण त्यांच्याच्यानं त्याला हलवणं होत नव्हतं.

"माझ्याबद्दल काही खुणा केल्या का त्यांनी?" कावेरीनं मैत्रेयीला विचारलं.

"नाही मावशी. मी तुमचं नाव घेतलं तर नुसतं बघायच्या." मग ती म्हणाली, "मला ना, तिथं जाऊन काय बोलायचं तेच कळत नाही. तुम्ही काय बोलायचा?"

"काही नाही," कावेरी म्हणाली. "फॉर्म भरायची."

सहा आठवडे संपले त्या शनिवारी पाळकसाहेब पुन्हा आले. देवाप्पाच्या खाटेजवळ बसून त्यांनी त्याचा थरथरता हात हातात धरला. मग कावेरीला म्हणाले, "मंडळीनं ठरवलंय, तुमची सुट्टी आणखी वाढवायची. हवी तितकी."

"साहेब, एक बोलू?"

"बोला."

"मला तिकडंच विसावा होता. तुम्ही तोच काढून घेतला. तुमची चूक नाही, मला तरी कुठं ठाऊक होतं? देवाच्या नावानं मी ह्यांच्यापासनं पळत होते. आता पळायला जागा नाही आणि इथं प्रार्थनाही होत नाही. तोंडच उघडत नाही माझं."

पाळकसाहेबांनी देवाप्पाचा हात चादरीवर ठेवला. त्यांच्याजवळ बायबलमधली वचनं पुष्कळ होती. एखादं ते काढतील असं तिला वाटलं आणि काढू नये असंही वाटलं. शेवटी ते म्हणाले, "मला काय बोलावं ते सुचत नाही, कावेरीबाई."

"असू दे."

ते गेल्यावर तिनं जितेंद्रचा नंबर लावला. दर तीन-चार दिवसांनी ती लावायची. आधी तो म्हणायचा, 'पातळ पेज घेतात, बरं आहे.' मागच्या आठवड्यात नुसतं 'बघू' म्हणाला होता. आज फोन लागलाच नाही. तिनं पुन्हा लावला. बाईच्या आवाजात कानडी, मग इंग्रजी, मग बंद.

"कोण?" देवाप्पानं विचारलं.

"कुणी नाही." घड्याळात पाच वाजत आले होते. तिनं पदर खोचला, एक हात त्याच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला. "चला, भिंतीकडं वळायचंय. दुखलं तर सांगा."

"दुखतंय," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली आणि त्याला वळवू लागली.