मी सांगतो ना

माझी बायको पद्मिनी, तिला जाऊन तीन महिने झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच ऐकवतो, ‘डॉक्टरसाहेब, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या घरात असं कसं झालं हो?’ डोकंच फिरतं माझं. अहो, शिकलेल्या माणसाच्या घरात होती म्हणूनच गेली ती!

मी डॉक्टर म्हणजे आकडेमोडीतला, औषधांचा नव्हे. लखनौच्या एका संशोधन संस्थेत तीस वर्षं काढली. शेवटचं मोठं काम म्हातारपणावरचं होतं. साठीपुढच्या बायका-पुरुषांत कोण किती शिकलंय आणि कोण किती जगतंय, हे बघायला आमची माणसं अलीगंज, इंदिरा नगर पालथं घालत होती. आमच्या पाहणीत चौथी-पाचवीत शाळा सुटलेल्या बायका सगळ्यांत आधी गेल्या होत्या. शहाण्णव साली हज़रतगंजातल्या एका सभागृहात मी हे मांडलं आणि भरपूर टाळ्या घेतल्या. पद्मिनी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. तिची शाळा चौथीतच सुटलेली. पण आपण हिच्याबद्दल बोलतोय, हे माझ्या मनात आलंसुद्धा नाही, बघा.

या कामात माझा एक नियम होता. बाईचा प्रश्न बाईलाच विचारायचा. नवरा मध्ये बोलायला लागला तर त्याला पाणी आणायला आत पाठवा, असं मी सगळ्यांना बजावायचो. एकदा आमच्या विनीताबाईंनी एका आजींचा फॉर्म आजोबांना विचारून भरून आणला, तर मी तो सगळ्यांदेखत टराटरा फाडला होता.

आणि घरी? घरी आमचा सगळा आनंदच. पद्मिनीची हिंदी माझ्यापेक्षा गोड. सब्जीवाल्या भैयाशी तिच्या अर्धा अर्धा तास गप्पा चालायच्या. पण बँक असो की दवाखाना, तोंड माझंच. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती म्हणाली, ‘अहो, मला डॉक्टरांना जरा काही विचारायचंय.’

‘काय ते मला सांग. मी सांगतो ना त्यांना.’

‘तसं नाही हो. मीच विचारेन.’

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘माताजी, क्या तकलीफ़ है?’ तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हणालो, ‘कुछ नहीं, कमज़ोरी है. खाना ठीक से नहीं खातीं.’ तिनं पदर सारखा केला. टॉनिकची बाटली घेऊन आम्ही परतलो. रिक्षात मी विचारलं, ‘काय विचारायचं होतं तुला?’ ‘काही नाही, राहू दे,’ ती म्हणाली. आणि मी राहू दिलं! इतका मठ्ठ माणूस जगात दुसरा नसेल.

दिवाळीला आमची लेक मुक्ता आली. मागच्या अंगणात, कूलरच्या आड वाळत घातलेली डागाळलेली फडकी तिनं पाहिली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘पापा, आई को इस उम्र में ब्लीडिंग हो रही है. आपको पता ही नहीं?’

दुसऱ्या दिवशी आम्ही पद्मिनीला बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गर्भाशयाचा कॅन्सर, तोही पसरलेला. दोन महिन्यांत सगळं संपलं. वेळेवर कळलं असतं तर कदाचित ती आज स्वयंपाकघरात असती. हे मी कुणाला सांगू?

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, ‘कब से हो रहा है?’ सवयीनं मीच बोलायला गेलो. बाईंनी हात वर करून मला थांबवलं. ‘आप नहीं. माताजी, आप बताइए.’

पद्मिनी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, ‘अगं, तू सांग ना. सांग.’

ती ओशाळून हसली आणि बाईंना म्हणाली, ‘इन्हीं से पूछिए. मुझे ठीक से बताना कहाँ आता है?’